तनयाच्या जॅकेटसंबंधी शेवटची तजवीज

मी, गोपाळकृष्ण त्र्यंबक माळवदे, वय वर्षे बहात्तर, धंदा स्कूटर व मोटारसायकलची सीट कव्हरे शिवणे, राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला यासाठी कोणी भरीस घातलेले नाही. उलट 'एवढ्यात कशाला' म्हणणारेच जास्त भेटले. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखल्यापूर्वी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर दोन महिने मागे असल्याचेही सांगितले.

कलम १. माझी पत्नी शकू आठ वर्षांपूर्वी वारली. आम्हांला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ पुरुषोत्तम बँकेतून निवृत्त होऊन धायरीस राहतो. त्याची पत्नी सौ. उल्का. त्यांची एकुलती एक मुलगी तनया, वय सत्तावीस, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि धायरीहून रोज मोटारसायकलने जाते. लहानपणी शाळा सुटल्यावर ती नारायण पेठेतल्या माझ्या दुकानात फोमच्या ढिगावर बसून गृहपाठ करीत असे. गाड्यांचे वेड तिला तिथेच लागले असा तिच्या आईचा आरोप आहे. तो मला मान्य आहे.

कलम २. सदाशिव पेठेतील माझी दोन खोल्यांची सदनिका मी तनयाला देत आहे. बिनशर्त. या कलमात आधी एक अट होती: तनया मोटारसायकलवर जॅकेट व हेल्मेटशिवाय आढळल्यास सदनिका पुरुषोत्तमकडे जावी. कागद तपासताना वकील श्री. दिग्विजय भिलारे म्हणाले, "अहो माळवदे, अंगात जॅकेट आहे की नाही हे बघायला कोर्ट सिंहगड रस्त्यावर उभं राहणार आहे का?"

मी म्हटले, "मी राहीन."

"हे मृत्युपत्र आहे. तेव्हा तुम्ही नसाल."

मुद्दा बरोबर होता. पण अट का घातली होती आणि का काढली, ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या मागे पुरुषोत्तम आपल्या मनाने काही रचून सांगणार नाही.

गेल्या फेब्रुवारीच्या बारा तारखेला, रविवारी सकाळी, तनया ऑफिसातल्या मंडळींबरोबर मुळशीला गेली होती. परतताना पौडच्या अलीकडे वळणावर बारीक खडी सांडलेली होती. गाडी घसरली आणि तनया डाव्या अंगावर वीसेक फूट रस्त्यावर घासत गेली. अंगात पातळ सुती कुडता, पायात चपला. हेल्मेट होते. मागच्या सीटला बांधलेले होते. त्याला ओरखडाही आला नाही.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा भुवईच्या वर सात टाके घालून झाले होते, खांद्याचे हाड मोडले होते, आणि एक परिचारिका चिमट्याने तिच्या कोपरातली खडी एकेक काढत होती. तासभर काढत होती. खडा पडला की ट्रेमध्ये टण आवाज होई.

"हेल्मेट कुठं होतं?" मी विचारले.

"गाडीला."

"आणि डोकं?"

"काका, प्लीज. आत्ता नको." थोड्या वेळाने म्हणाली, "मला सवय आहे हो त्या रस्त्याची."

कात्रीने कापून काढलेला कुडता मी पिशवीत घालून घरी आणला. उल्काला वाटले म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण मी पंचेचाळीस वर्षे कापड हाताळतो आहे. कुठले कापड कसे फाटले हे पाहून मला कळते की त्याच्यावर काय गुदरले. कोपर आधी टेकले होते, मग खांदा, मग कंबर. कोपरापाशी कापड नव्हतेच. पाठीवर मात्र धागे नुसते विसविशीत झाले होते, म्हणजे तिथवर येईतो वेग कमी झाला होता. खडूने मी त्या कुडत्यावर खुणा केल्या आणि त्या खुणांबरहुकूम जॅकेट बेतले. जाड कॅनव्हास दुहेरी, कोपर-खांद्यांना सीटचा कडक फोम, त्याच्यावर रेक्झीन. परदेशी जॅकेटे मिळतात म्हणे, पण ती घेऊन देतो म्हटले तर पोरगी ऐकेना.

जॅकेट घालून तिने दुकानाच्या आरशात पाहिले. "काका, मी सोफा दिसतेय."

दुसरे शिवले. काळे, अंगाबरोबर, फोम पातळ. "पार्किंगमध्ये सगळे हसतात." तिसरे शिवले. त्याला कंबरेत पट्टा, पाठीवर चमकणारी पट्टी. हे तिने मुकाट्याने घातले, थँक यू म्हणाली, आणि माझ्यासमोर गळ्यापर्यंत चेन ओढून निघून गेली. मी त्या दिवशी बाहेरून आइस्क्रीम आणून वेणूबाईंना दिले. वेणूबाई माझा स्वयंपाक करतात. त्यांनी विचारले, आज काय? मी म्हटले, पोरगी ऐकली.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी फोम आणायला निघालो असताना अलका चौकात सिग्नलला तनया दिसली. अंगात टी-शर्ट. जॅकेट मागच्या सीटवर, रबरी पट्ट्यांनी आवळून, नीट घडी घातलेले. इतके ऐटीत बसले होते की तीच त्याला कुठे तरी सोडायला चालली आहे असे वाटावे.

मी ओरडलो. भर चौकात, धोतरावर. "तनये! ते मी गाडीसाठी शिवलंय का?" लोक वळून बघू लागले. तिनेही पाहिले. सिग्नल सुटला आणि ती गेली.

यानंतर अठरा दिवस आम्ही बोललो नाही. या अठरा दिवसांत पुरुषोत्तमने मध्यस्थी केली, म्हणजे आगीत तेल ओतले. पुरुषोत्तम हेल्मेटसक्तीच्या विरोधात आहे. मोर्चात गेला होता. हेल्मेटने मानेचे मणके झिजतात आणि केस गळतात अशी चार पत्रे त्याने वर्तमानपत्रांना पाठवली, पैकी एक छापून आले. त्याच्याकडे कुठलेही वाहन नाही. तो पीएमटीच्या बसने फिरतो. मला फोन करून म्हणाला, "दादा, पोरगी सज्ञान आहे. तिचं डोकं, तिचा प्रश्न." मी म्हटले, "पुरू, डोकं तुझ्याकडूनच आलंय तिला, म्हणून तर काळजी." त्याने फोन ठेवला. त्याच संध्याकाळी मी वर सांगितलेली अट लिहिली.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, तनया दुकानात आली आणि पूर्वीसारखी फोमवर बसली. मी मशीन चालूच ठेवले.

"काका, ओरडायचंय तर ओरडून घ्या."

"ओरडून झालं."

"मला कळतं हो सगळं," ती म्हणाली. "मी काय मूर्ख आहे का? पण ते जॅकेट घातलं ना, की चेन लावता लावताच मला ते वळण दिसतं. रोज. हात थरथरतात. नाही घातलं तर मी आपली ऑफिसला निघालेली असते. काही झालंच नव्हतं असं वाटतं. म्हणून तुमच्यासमोर घालते आणि कोपऱ्यावर गेले की काढून ठेवते."

अठरा दिवसांत मी बरेच खणखणीत बोल तयार केले होते. त्यातला एकही इथे चालण्यासारखा नव्हता. मी मशीन बंद केले आणि डावा हात तिच्यापुढे ठेवला. या हाताच्या तर्जनीची वरची दोन पेरे नाहीत.

"हे बोट कसं गेलं?"

"पानशेतच्या पुरात. एका म्हातारीला बाहेर काढताना वासा पडला."

"नाही."

आता जे लिहितो ते आजवर मी फक्त तनयाला सांगितले आहे. पुराच्या दिवशी मी पाण्यात होतो, म्हातारीलाही मी आणि आणखी दोघांनी काढले, हे खरे. पण त्या दिवशी माझी दहाच्या दहा बोटे जागेवर होती. पुरानंतर पाचव्या आठवड्यात, तंबूच्या कारखान्यात, गोल पात्याच्या यंत्रावर ते बोट गेले. पूरग्रस्तांसाठी तंबू हवे होते, घाई होती, आणि पात्यावरची जाळी मध्ये येते म्हणून मी ती काढून ठेवली होती. मुकादम दोनदा म्हणाला, जाळी लाव. मी म्हणालो, मला सवय आहे.

पट्टी बांधलेला हात पाहून लोकांनी आपण होऊन पुराशी जोडला. मी नाही म्हटले नाही. शकूलाही खरे सांगितले नाही.

"आणि पुढचं ऐक," मी तनयाला म्हणालो. "हात बरा झाल्यावर कामावर गेलो, तर जाळी तशीच बाजूला पडली होती. मी ती लावली नाही. जाळी लावली की सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं, की चूक माझी होती. आणि पातं फिरायला लागलं की घाम फुटायचा. वर्षभर तसंच काम केलं."

मला वाटले ती हसेल. घराण्यातला एकमेव पराक्रम मी तिच्यासमोर मोडीत काढला होता. ती हसली नाही. तिने माझा हात उचलून बोटाचे थोटूक नीट पाहिले.

"दुखलं का हो खूप?"

पंचेचाळीस वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. पराक्रम केलेल्या माणसाला दुखले का असे विचारत नसावेत.

"दुखलं," मी म्हणालो. "पण जाळी परत लावताना जास्त."

"मग कधी लावलीत?"

"लग्न ठरलं तेव्हा. म्हटलं, शकूनं नऊ बघून होकार दिलाय, आठ दाखवणं बरं नाही."

आता मात्र ती हसली, आणि हसता हसता रडू लागली. मी पाणी दिले. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती बाहेर गेली, गाडीवरचे जॅकेट सोडवून घेऊन आली आणि माझ्यापुढे टाकून म्हणाली, "याला आत मोबाइलचा खिसा नाहीये. कोण घालेल असलं?"

खिसा मी ती बसल्या जागीच शिवून दिला.

तेव्हापासून ती जॅकेट घालते. हात अजून थरथरतात, पण थांबतात असे म्हणते. पहिल्या आठवड्यात ती निघण्यापूर्वी दुकानात फोन करी आणि चेन लावून होईपर्यंत मी पलीकडून काहीबाही बोलत राही. हवापाणी, वेणूबाईंची भाजी. हेल्मेट डोक्यावर असते. गुडघ्याचे पॅड कटकट करत का होईना बांधते. हातमोजे मात्र घालत नाही. घाम येतो म्हणे. तीन मापांचे शिवले, तिन्ही पडून आहेत. त्यानंतर ती पडलेली नाही. यावर पुरुषोत्तमचे म्हणणे असे, की पडतच नाही तर जॅकेटचा उपयोग काय.

अट काढली ती वकिलांच्या सांगण्यावरून नव्हे. घरासाठी जॅकेट घालणारी मुलगी घर नावावर झाले की ते काढून ठेवील. ही तशी घालत नाही.

कलम ३. नारायण पेठेतील दुकान भाड्याचे आहे. किल्ली मालकांना द्यावी. जाड कामाचे शिलाई मशीन, कात्र्या, भोके पाडायचे पंच आणि राहिलेला माल कचरू यास द्यावा. तो माझ्याकडे एकवीस वर्षे होता, आता धायरीत त्याचे स्वतःचे दुकान आहे. मशीनची उजवीकडची पट्टी सैल आहे हे त्याला माहीत आहे, कारण ती त्यानेच सैल केली. तनयाच्या जॅकेटचा कागदी बेत मशीनच्या खणात आहे. जॅकेट जुने झाले की त्याने दुसरे शिवून द्यावे. 'काकांसारखं होत नाही' असे ती म्हणेल. लक्ष देऊ नये.

कलम ४. बँकेतील ठेव वेणूबाईंस द्यावी. शकूच्या आजारपणात त्या रात्री थांबल्या आहेत. पुरुषोत्तमने यावर पत्र लिहू नये.

कलम ५. पुराला पंचवीस वर्षे झाली तेव्हा आमच्या मंडळाने मला शाल व श्रीफळ दिले होते. शाल ट्रंकेत आहे, एकदाही वापरलेली नाही. म्हातारीला काढताना बरोबर असलेल्या दोघांपैकी शेजारचे श्री. उत्तरेश्वर हयात आहेत. ती त्यांना द्यावी. त्यांचे बोट गेले नाही म्हणून त्यांना कोणी बोलावले नव्हते. नारळ खाल्ला, तो परत करता येत नाही.

कलम ६. शोकसभा ठेवू नये. पुरुषोत्तम ठेवीलच. तेव्हा निदान पुराची गोष्ट सांगू नये, हे कलम वाचून दाखवावे. पुरू, तुझ्यासाठी माझा रेडिओ, छत्री आणि आपल्या वडिलांचे घड्याळ ठेवले आहे. तुझे छापून आलेले पत्र मी कापून ठेवले होते, तेही त्यातच आहे. पत्र चुकीचे आहे, पण भाषा चांगली आहे.

कलम ७. हे कलम तनयासाठी. मी गेल्याचा फोन तुला बहुधा ऑफिसात येईल. तो वकिलांनी करावा. पुरूने करू नये. तू तडक निघशील. निघू नकोस. आधी खाली बस, पाणी पी. कोणी गाडीने सोडतो म्हणाले तर जा. ऐकणार नसशीलच, तर जॅकेट घाल. हात थरथरतील, थांबेपर्यंत थांब. चेन गळ्यापर्यंत ओढ, पॅड बांध, हेल्मेटचा पट्टा लाव. त्या एका दिवशी तरी हातमोजे घाल. चांदणी चौकाच्या उताराला सावकाश ये. सगळे म्हणतील, किती वेळ, किती वेळ. म्हणू देत. घाई करू नकोस. मी थांबलेला असेन.

येथवर वाचून, समजून, उजव्या हाताने सही केली.

गोपाळकृष्ण त्र्यंबक माळवदे

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली. आम्हांला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. श्रीमती राजनंदिनी शितोळे, औषध दुकानदार, नारायण पेठ
२. श्री. बद्रीनाथ काळे, निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

पुणे, दि. २० नोव्हेंबर २००६