पर्सीच्या उजव्या हाताची जागा

स्टोक मॉंकटन
४ मे १९७१

ति. लायनलदादास,
हिल्डाचा सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज तेवढा धीर नाही. रविवारी प्रार्थनेनंतर चहा ओतताना नवे पाद्री मला सहज म्हणाले, की पर्सीच्या उजवीकडची जागा मिसेस प्रिडोंच्या कबरीसाठी राखून ठेवायचं चाललंय. सहज! दोन वर्षं झाली त्या बाईला गावात येऊन. चर्चच्या छपराला देणगी दिली काय, आणि आता थेट माझ्या नवऱ्याच्या कुशीत!

ती जागा माझी आहे. पर्सी गेला तेव्हा तू चर्चचा कारभारी होतास, म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी तुझ्यादेखत शब्द दिला होता. हे नवे म्हणतात, नवऱ्याच्याच कबरीत वरती मावाल की. पर्सीसाठी खणताना कमरेइतक्या खोलीवर जुन्या मठाची भिंत लागली नि त्याला कसाबसा झाकला, हे यांना कुठलं ठाऊक? डावीकडे तर कुंपणच, मग मी जाऊ कुठे? कुंपणापलीकडे, कोबीच्या वाफ्यांशेजारी? एकतीस वर्षं संसार केला तो काय एकटीनं पडून राहायला?

ताबडतोब लिही.

तुझी बहीण, अजून तरी जिवंत,
हिल्डा

---

व्हिटबी
७ मे १९७१

चि. हिल्डीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेतलं तर चटकाच बसला. गुडघा बरा आहे, विचारलं नाहीस तरी सांगतो. आणि मरायची एवढी घाई कशाला गं?

चूक माझी आहे. बिशपच्या कचेरीत तोंडी शब्दाला काही किंमत नसते. तेव्हाच जागा राखून ठेवण्याचा लेखी अर्ज करायला हवा होता. आज करू, उद्या करू म्हणत तो राहून गेला. मला माफ कर. पण अशा अर्जाची नोटीस चर्चच्या दारावर लावतात आणि मुदतीत कुणालाही हरकत घेता येते. तू रोज तिथे जातेस, मग वाचली कशी नाहीस? आजच तारीख बघ, हरकत लिही. आणि कृपा करून त्या बाईशी भांडायला जाऊ नकोस.

तुझ्या रागासकट तुझी आठवण काढणारा,
लायनल

---

स्टोक मॉंकटन
१६ मे १९७१

ति. दादास सा. न. वि. वि.

माफीचं नंतर बघू. नोटीस वाचली कशी नाही म्हणे! लावली होती मोठ्या दारावर! त्या दारातून या गावातलं माणूस दोनदाच जातं, लग्नाला नि शवपेटीतून. एरवी आपण सगळे मठाच्या बाजूच्या बुटक्या दारानं आत शिरतो, हे तुला मी सांगायचं? पाद्री म्हणाले, नियमात मुख्य दार लिहिलंय. मी म्हटलं, मग नियमालाच प्रार्थनेला बोलवा. मुदत संपायला दोन दिवस होते. हरकत स्वतः बसनं जाऊन कचेरीत दिली.

आणि तू नको म्हणालास म्हणून मुद्दाम भांडायलाही गेले. ती बाई म्हणाली, नवरा युद्धात बोटीबरोबर बुडाला, त्याला कबरच नाही, मूलबाळही नाही. तिच्या खिडकीतून तिला मी रोज फुलं घेऊन पर्सीच्या कोपऱ्यात जाताना दिसते. निदान तिथे रोज कुणीतरी येतं, म्हणून तिला ती जागा हवी होती. मी म्हटलं, छान! माझ्या पायपिटीवर तुमची सोय! आणि मी मेल्यावर कोण येणार होतं? ती म्हणाली, हे सुचलंच नाही.

मलाही सुचलं नव्हतं, दादा. मूलबाळ मलाही नाही, नि तू ब्याऐंशीचा, तुझा गुडघा तो असा.

अर्ज ती मागे घेतेय. माझा राग काही गेलेला नाही. पण ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे, आणि चांगली धडधाकट. तिला सांगितलं, पर्सीच्या पायथ्याशी जागा आहे, तिथे खुशाल अर्ज करा. फक्त रोज सकाळी दहाला यायचं. काल आली, उशिरा. पर्सीला कुठली फुलं आवडत नाहीत ते तिला सांगितलं. मग मला कुठली हवीत, तेही.

तुझा लोभ राहील तसा राहो, माझा आहेच.
हिल्डा