बत्तीस नंबरचा गॅस आणि तुमच्या नावावरचा श्लोक

गुरुजी, लातूरला तुमच्या घरावरून जाताना मी अजूनही शर्टाचं वरचं बटण लावतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा धाक काही रजेवर जात नाही. तुमच्याकडे संस्कृत शिकून मी शेवटी नांदेडात एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा रागवाल वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "वायूचीच उपासना आहे, कर." वर पहिली खंडेनवमीही स्वतः येऊन करून दिलीत. पाने-पकडी, पंप, गॅसच्या टाक्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि प्रत्येकापुढे एक निरांजन. आईनं ते तेव्हापासून दरसाल पाळलं.

तुमच्या वेळचा एसीत भरायचा गॅस, आम्ही त्याला बावीस म्हणतो, दिव्याशेजारी निमूट बसायचा. पण त्यानं आभाळात ओझोनच्या थराची चाळण केली, म्हणून त्याला आता निवृत्त करताहेत. त्याच्या जागी आलेला बत्तीस पेट घेऊ शकतो. दुसरा नवा गॅस, दोनशे नव्वद, तर स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. नव्या गाड्यांच्या एसीतही गॅस बदलू लागलेत.

तर यंदाच्या खंडेनवमीला आई ताट घेऊन दुकानात उभी, आणि आमचे उदगीरचे मेकॅनिक चाचा टाक्यांपुढे आडवे आलेले.

"आई, फूल वाहा, कुंकू लावा, कायबी करा. दिवा नको. ह्यो गॅस जळतो."

"गुरुजींनी घालून दिलंय. मी न्हाई मोडणार."

"मग दुकानच न्हाई राहायचं!"

"इतकी वर्षं राहिलं की! तुझा गॅस गुरुजींपेक्षा लई शाना हाय का रे?"

काडेपेटी आईच्या हातात. चाचा माझ्याकडे बघताहेत. मी डोळे मिटले आणि उभ्या उभ्या रचलेला, आठ-आठ अक्षरी चरणांचा एक अनुष्टुभ श्लोक खड्या आवाजात म्हणून टाकला. अर्थ इतकाच, की नव्या वायूला फूल प्रिय, दीप अप्रिय. "गुरुजींचाच आहे," मी सांगितलं.

"मग आधी बोलायचं न्हाई का, मेल्या!" आईनं काडेपेटी कमरेला खोचली. निरांजनं रस्त्यापलीकडे लिंबाखाली लागली. चाचा पुटपुटले, "भाऊ, तुमचं संस्कृत आज पयल्यांदा कामाला आलं."

आई आता तो श्लोक शेजारच्या दुकानदारांना तुमच्या नावानं शिकवते. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं. तुम्ही मजकुराआधी अक्षरं मोजता, आणि त्या श्लोकाच्या तिसऱ्या चरणात एक अक्षर कमी आहे. तेव्हा घाईत सापडलं नाही; खरं सांगतो, अजूनही सापडलेलं नाही.