उत्तरेकडची भिंत

४ मार्च १८६९

चर्चची उत्तरेकडची भिंत पाडली. सकाळी उभी होती, चहाच्या वेळेला नुसतं डबर. पाचशे वर्षं म्हणे पाऊस खाल्ला तिने. पोट सुटलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची. धूळ पार आमच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांवर. गावातल्या चार बायका चर्चच्या फाटकाशी डोळे पुसत उभ्या होत्या. आमचे यजमान, या चर्चचे पाद्री सेप्टिमस म्हणाले, "कोळिष्टकांसाठी रडताहेत."

आता हातभर बाहेर नवी भिंत. उंच टोकदार कमानींच्या खिडक्या, रंगीत काचा, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. आर्किटेक्ट मि. क्रू यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, रश्श्याची वाटी कलंडवली आणि माफीही मागितली नाही. मला हा माणूस आवडतो.

११ मार्च

पायाच्या चरात हाडं निघाली. इतकी बारीक की मजुरांना आधी कोंबडीची वाटली. मग एक कवटी आली, सफरचंदाएवढी. म्हाताऱ्या जोब ट्रँटरने—आमचा कबरी खणणारा—डोक्यावरची टोपी काढली. तेव्हाच ओळखलं की ह्याला सगळं ठाऊक आहे.

सेप्टिमसनी दटावल्यावर बोलला. बाप्तिस्मा न होता गेलेली पोरं. त्यांना पवित्र जमिनीत जागा नाही, प्रार्थना नाही. म्हणून लोक अंधार पडता पडता त्याच्याकडे गाठोडं आणून देत आणि तो ते वळचणीखाली पुरी. चर्चच्या छपरावरून येणाऱ्या पागोळ्या त्यांच्यावर पडतात. देवाच्या घरावरचं पाणी, तोच त्यांचा बाप्तिस्मा!

"किती पुरलीस?" सेप्टिमसनी विचारलं.

"मोजायची नसतात, साहेब."

सेप्टिमस फार पांढरे पडले होते. संतापले की पडतात. सगळी हाडं गोणपाटात भरून शेडमध्ये ठेवली. सोमवारी डबरासोबत गाडीत जाणार.

१२ मार्च

केझाया मड स्वयंपाकघराच्या दाराशी. आमचे कपडे धुते. सात बाळंतपणं, चार पोरं रांगेत नाक ओढत हिंडतात, आणि तीन त्या गोणपाटात. अशा बायकांना मुलं व्हायला काही लागत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांना वारा लागावा तशी होतात.

"बाईसाहेब, साहेबांना एवढं सांगा. भिंत झाली की पुन्हा तिथंच ठेवू द्या. वळचणीखाली. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

मि. क्रू तिथेच चीज खात उभे होते. हसले. "बाई, आता वळचणीला पागोळ्या नाहीत. शिशाच्या पन्हळी बसवतोय. सगळं पाणी नळाने गटारात."

"मग एका जागी पन्हळ सोडून द्या, साहेब. हातभर."

मी म्हटलं, "हातभर गळका ठेवायचा का देवाचा वाडा, तुझ्या पोरांसाठी?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला ते जास्त लागलं. आठवड्याच्या चादरी परत पाठवल्या, कडा पिवळ्या आहेत म्हणून. नव्हत्या.

१४ मार्च, रविवार

शाळेच्या खोलीत प्रार्थना झाली. सेप्टिमसनी नाव घेऊन बोलायला नको होतं असं मला क्षणभर वाटलं, पण घेतलं. "केझाया मड, छपराच्या पाण्याने स्वर्ग मिळत नाही. मिळत असता तर या गावातली बदकं संत झाली असती." मागच्या बाकांवर लोक हसले. तिचा नवरासुद्धा हसला. शेजारच्या बायका बाक सरकवून बसल्या. ती उठली नाही. शेवटपर्यंत बसली, आणि भजनही म्हटलं.

१५ मार्च

शेडमधलं गोणपाट रिकामं. जोब म्हणतो, कुत्र्यांनी नेलं. सेप्टिमस म्हणाले, बरं झालं, विषय संपला.

३ जून

पन्हळी बसल्या. धो धो पाऊस, आणि भिंतीपाशी एक थेंब नाही. फार सुरेख दिसतं.

२९ सप्टेंबर, सेंट मायकलचा दिवस

बिशप आले. नवी भिंत, नव्या फरशा, कोरीव दगडाचं बाप्तिस्म्याचं कुंड. त्याच्या तळाला भोक आहे; पवित्र पाणी बादलीत काढून कुठेतरी फेकलं जाऊ नये, तिथल्या तिथे जमिनीत मुरावं, म्हणून. बिशपना ते फार आवडलं. बदक भाजलं होतं. बिशपनी दोनदा घेतलं.

१० ऑक्टोबर, रविवार

नव्या कुंडात पहिला बाप्तिस्मा, चक्कीवाल्याची मुलगी. पोर किंचाळली, सगळे खूश. माणसं गेल्यावर मी हातमोजा विसरले म्हणून परत आले. सेप्टिमस आत झगा उतरवत होते. कुंडाचं बूच काढलेलं. केझाया खाली गुडघ्यावर, कान दगडाला लावून. पाणी खाली जात होतं, त्याचा आवाज ऐकत होती. आणि तिचं तोंड—असं तोंड मी कुणाचंच पाहिलेलं नाही. मिटल्या डोळ्यांनी हसत होती.

घरी येईपर्यंत मला कळलं. कुंडाखालची माती गवंड्यांसोबत जोबनेच भरली होती.

११ ऑक्टोबर

न्याहारीला सेप्टिमसना सांगितलं. सांगायची गरज नव्हती. पण त्या बाईने इतकं सुखी का असावं? त्यांनी हातातला टोस्ट ताटलीत परत ठेवला. मग म्हणाले, "कुंड उचलावं लागेल."

१३ ऑक्टोबर

उचललं. खाली ओकची पेटी, झाकणाला बारीक भोकं पाडलेली. सेप्टिमसनी ती कुणाला उघडू दिली नाही. चुन्याच्या भट्टीवर पाठवली. स्वतः गाडीबरोबर गेले, जळेपर्यंत थांबले.

केझाया वाटेत उभी होती. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाली, "एकदा तरी भिजली, बाईसाहेब. ते काही तुम्हाला पुसता येत नाही."

जोबला कामावरून काढलं.

१४ ऑक्टोबर

जोब किल्ल्या द्यायला आला. सेप्टिमस घरी नव्हते. किल्ल्या टेबलावर ठेवून तो तसाच उभा राहिला.

"बाईसाहेब, तुम्हाला ठाऊक नव्हतं हे मला काल कळलं. ठाऊक असतं तर तुम्ही सांगितलं नसतं."

"काय ठाऊक असतं?"

"पेटीत तुमचंही बाळ होतं. सहा वर्षांपूर्वीचं. साहेबांनी स्वतः आणून दिलं होतं, निळ्या शालीत. म्हणाले, जिथं सगळ्यात जास्त पाणी पडतं तिथं ठेव."

सेप्टिमसनी मला सांगितलं होतं, यॉर्कला सासऱ्यांच्या कबरीत ठेवलं म्हणून. दर वर्षी मी तिथे फुलं ठेवून येते.

१५ ऑक्टोबर

सेप्टिमसना विचारलं, ठाऊक असून चर तिथेच का खणू दिला. त्यांनी अंड्याचं टोक कापलं, मीठ घातलं. "भिंत सरळ यायला हवी होती, कॉन्स्टन्स," म्हणाले.