चहानं तपासलेला व्हॉल्व

१ एप्रिल १९५९, बुधवार
आजपासून डायरी. तीस तारखेले साहेब रजिस्टर पाहणार, मग मी परमनंट वॉटर इन्स्पेक्टर.
काम जोखमीचं. गोदामाच्या फायर लायनीत तलावाचं पाणी, आमच्या क्वार्टरांच्या लायनीत गोडं. मधात व्हॉल्व. गोडं तिकडे जाऊ देते, तलावाचं इकडे येऊ देत नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याची चावी बंद करून अलीकडची तोटी उघडायची. पाणी येतच राहिलं तर समजायचं, तलावाचं उलटं येऊन राहिलं.
उद्यापासून नियमानं करीन.

२ एप्रिल
ऊन फार. व्हॉल्व खड्ड्यात, माझा पँट नवा.
पण आयडिया सुचली! व्हॉल्व बिघडला तर तलावाचं पाणी माझ्या नळाले येईल, चहा नासेल. सकाळचा चहा फर्स्टक्लास होता. म्हणजे व्हॉल्व फर्स्टक्लास. रजिस्टरात ओके. हे आमच्या कारखान्यातल्या रशियन इंजिनियरांनाही सुचलं नसन.

७ एप्रिल
चहा उत्तम. ओके.
फिटर आनंदराव म्हणे, व्हॉल्वची झडप झिजली वाटते, खोलून पाहू. म्हटलं, इन्स्पेक्टर कोण, तू का मी? माणूस चांगला, आपल्या वर्ध्याकडचा. नागपूरले दीक्षा घेतलेला. मी जातपात मानत नाही. फक्त त्याच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी घेत नाही. तो जातीचा प्रश्न नाही. त्या विहिरीची टेस्ट झाली नाही, एवढंच. त्यालेही तसंच सांगितलं.

११ एप्रिल
फायर ड्रिल. तलावाचा मोठा पंप तासभर चालला, लायनीत केवढा दाब! काय तो फवारा! छाती भरून आली.

१३ एप्रिल
शेजारचा टिकाराम भांडायले आला. नळाले शेवाळाचा वास, म्हणे. त्याची बायको चंपा उलट्या-जुलाबानं आडवी. सातवा महिना आहे बिचारीचा. म्हटलं, बाजारातलं उघडं खाऊ घालता आणि नळाले दोष देता? माझा चहा पाहा.
माझी बायको प्रेमला म्हणे, एकदा नळ हुंगून तं पाहा. बायकांचं आपलं काहीतरी. स्वतः मात्र रोज पहाटे पितळी गुंड घेऊन फिरायले जाते. फिरायले एवढं भांडं काहाले लागते कोण जाणे.

१४ एप्रिल
आनंदराव सुटीवर, त्यायच्या वस्तीत जयंती. प्रेमला आज दोन गुंड घेऊन गेली. चहा उत्तम. ओके.

१७ एप्रिल
चंपाले दवाखान्यात नेलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. खड्ड्यात उतरायचं ठरवलं. चप्पल काढलीसुद्धा. मग वाटलं, आधी खात्री करावी. दोन कप प्यालो. दोन्ही ओके.

२० एप्रिल, सोमवार
तक्रार वर गेली. साहेब आजच आले. क्वार्टरांतले सगळे अंगणात. मी छाती ठोकून म्हटलं, सर, मी स्वतः हेच पाणी पितो, चहा घ्या. साहेबांनी घेतला. म्हणाले, पाणी गोड आहे. मी म्हटलं, व्हॉल्वची कमाल, सर.
तेवढ्यात प्रेमला दारातून म्हणाली, हे नळाचं नाही साहेब, आनंदरावच्या वस्तीतल्या विहिरीचं आहे, होळीपासून नळाले थोडा वास येते, तेव्हापासून तेच भरून राहिली. यांले सांगितलं असतं तर हे प्यायलेच नसते.
मी हातातल्या कपाकडे पाहत राहिलो.
साहेबांनी आनंदरावले खड्ड्यात उतरवलं. चावी बंद, तोटी उघडली. हिरवं पाणी येतच राहिलं. व्हॉल्व खोलला तर आत झडपच नव्हती, नुसतं शेवाळ. टिकाराम ते पाहून तसाच दवाखान्याकडे निघाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल
रजिस्टर आनंदरावकडे गेलं. मले त्याचा हेल्पर केलं, खड्ड्यात उतरायले.
सकाळी चहा नाही. प्रेमला दवाखान्यात, विहिरीचं पाणी उकळून नेते. चंपा वाचली, पोटातलंही ठीक आहे. घरी गुंड कोरडा. नळ उघडला, हुंगला, बंद केला.
गुंड घेऊन निघालो. विहिरीवर आनंदराव होता. त्यानं बादली ओढली आणि म्हणाला, आधी टेस्ट करून घ्या, साहेब.
ओंजळ धरली. पोटभर प्यालो.
ओके लिहायले रजिस्टर नव्हतं.