जर्मन आणि फ्रेंच एकाच रकान्यात बसवण्याबाबत

प्रति,
मा. शिष्यवृत्ती अधिकारी,
दर्यावर्दी परदेशी शिक्षण निधी,
रत्नागिरी.

विषय : शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधील बील या शहराची निवड मंजूर करण्याबाबत.
संदर्भ : त्रुटीपूर्ततेबाबत आपले तिसरे पत्र, दि. ५ मे २०२५.

महोदय,

१. मी वेळणेश्वरची. आमच्या घरी पर्यटक उतरतात. गेल्या डिसेंबरात एक जोडपे आले होते, नवरा जर्मन, बायको फ्रेंच. तीन दिवस दोघे आपापल्या भाषेत भांडले. मला जर्मन बरे येते, फ्रेंच जेमतेम. त्यामुळे नवऱ्याचीच बाजू कळली आणि ती मी आईला पटवूनही दिली. आईने बाईंना सोलकढी देणे बंद केले. निघताना बाई आईच्या गळ्यात पडून रडल्या. त्या काय म्हणाल्या, ते मला आजतागायत कळलेले नाही. याची मला फार लाज वाटते. दोन्ही भाषा नीट शिकायचे मी तेव्हाच ठरवले.

२. आपल्या अर्जात ‘देश’ हा रकाना एकच आहे. मी त्यात ‘जर्मनी व फ्रान्स’ लिहिले, अर्ज परत आला. माझे वडील फ्रीज घेतानाही देवाला विचारतात. त्यांनी ग्रामदेवतेच्या मूर्तीवर दोन बाजूंना फुलांचे दोन कळे चिकटवून कौल लावला : उजवा कळा पडला तर जर्मनी, डावा पडला तर फ्रान्स. दोन्ही कळे एकदमच पडले. गुरव बाबूकाका म्हणाले, “देवाला दोनी कबूल हायत. आता पुडचा तुमचा हापिस बगंल.”

३. ही हकीकत मी ‘निवडीचा आधार’ या रकान्यात खरेपणाने लिहिली. त्यावर ‘कौलाची साक्षांकित प्रत जोडावी’ असे आपण कळवले. साक्षांकन करणाऱ्या साहेबांनी आधी मूळ प्रत मागितली. मूळ प्रत म्हणजे दोन कळे, ते तोवर सुकले होते. तरी पाकिटात घालून सोबत जोडले आहेत.

४. तिसऱ्या पत्रात आपण एकच देश कळवण्यास बजावले असून, अन्यथा २० मेनंतर माझी जागा पुढील उमेदवारास जाईल असे म्हटले आहे. म्हणून मी नकाशा घेऊन बसले. स्ट्रासबर्गला फ्रेंच मिळते, पण जर्मनसाठी रोज पूल ओलांडून जर्मनीत जावे लागेल, आणि ते आपल्या प्रवासभत्त्याच्या नियमात बसत नाही. बीलमध्ये मात्र रस्त्यांच्या पाट्यासुद्धा दोन्ही भाषांत आहेत. देश एक, शहर एक. आपल्या यादीत हे नाव नसल्याने ‘इतर’वर खूण केली आहे.

५. पालकांच्या संमतीच्या जागी आई सौ. मालन हिने सही केली आहे. सहीपुढे तिने ‘परत येईल’ असे स्वतःच्या हाताने लिहिले आहे. असा रकाना अर्जात नाही, हे मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, मग सहीसुद्धा खोड. तरी बाकी कोणतीही त्रुटी काढावी, पण ते दोन शब्द तसेच राहू द्यावेत, ही कळकळीची विनंती.

होकाराच्या आशेवर असलेली,
आपली नम्र,
(सही)
कु. मनस्वी विनोद पालशेतकर
मु. पो. वेळणेश्वर, ता. गुहागर
दि. १४ मे २०२५