कागद वाकडा आहे

प्रिय खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला ठीक म्हणतात तितपत ठीक आहे. फोनवर मी बोलायला लागले की तू 'हं, हं' करत दुसरंच काहीतरी टाइप करत असतोस, ते मला टकटकीवरून कळतं. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू. लिहिलेल्या पानाला नुसतं 'हं' म्हणून सुटता येत नाही. शिवाय सांगायचंय ते लांबलचक आहे आणि त्यातलं बरंचसं तुझ्या विषयातलं आहे. माझं काही चुकलं तर ताईला खुशाल हस, पण शेवटपर्यंत वाच.

तर बातमी अशी की आपल्या घरच्या छापखान्यातला जुना संगणक गेला. ब्रेलच्या यंत्राला जोडलेला तो पिवळट डबा, ज्याच्यावर तू शाळेत असताना स्टिकर चिकटवले होतेस आणि बाबांनी ते नखाने खरवडून काढले होते, तोच. सकाळी बटण दाबलं, आतून फट् असा आवाज आला, थोडा जळका वास सुटला आणि संपलं. ब्रेलचं यंत्र मात्र ठणठणीत आहे. अजूनही असं खडखडतं की स्वयंपाकघरातली भांडी हलतात. पण कुठे ठिपका उठवायचा हे सांगणाराच गेल्यावर ते नुसतं लोखंड. पत्रव्यवहाराचा नवा संगणक आहे माझ्याकडे, पण त्याची आणि या यंत्राची काही ओळखदेख नाही. यंत्राला लागते ती जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्याहून जास्त लागतो तुझा ड्रायव्हर, संगणकाचं म्हणणं यंत्राला समजावून सांगणारा तो प्रोग्रॅम.

तो तू का लिहिलास ते आठवतंय ना? कंपनीचा ड्रायव्हर नेहमीच्या दाट ठिपक्यांतच छापायचा. मोठेपणी ब्रेल शिकायला लागलेल्या माणसाची बोटं त्या ठिपक्यांवरून घसरतात, सगळं पान वाळूसारखं लागतं. म्हणून मुद्रितं तपासणाऱ्या बाई तुझ्या मागे लागल्या होत्या की बाबा रे, जरा अंतर वाढवून दे. तू अख्खी सुट्टी त्या खोलीत कोंडून घेतलंस. जेवायला हाक मारली की 'आलो, आलो' म्हणायचास आणि यायचा नाहीस. शेवटी मोकळ्या ठिपक्यांचा ड्रायव्हर तयार झाला आणि त्यात तू तुझा आगाऊपणाही घातलास. यंत्र सुरू केलं की आधी चाचणीचं एक पान निघायचं आणि त्यावर ब्रेलमध्ये छापलेलं असायचं, 'बाबा, कागद वाकडा आहे. सरळ लावा.' कारण बाबा कडेच्या भोकांत कागद अडकवताना हमखास एका बाजूचं भोक चुकवायचे. रोज सकाळी ते पान खिडकीपाशी न्यायचं, मान तिरकी करायची, उजेड आडवा घेऊन ठिपक्यांच्या सावल्या वाचायच्या, हे त्यांचं ठरलेलं. आपण डोळस माणसं ब्रेल वाचतो ती अशीच, डोळ्यांनी. मग ते यंत्राला 'सरळच तर आहे!' असं सुनवायचे आणि जाऊन गुपचूप कागद सरळ करायचे. ते पान दिवसभर चहाच्या कपाखाली असायचं.

आता यात घाई कसली, असं तू विचारशील. बाईंकडे सध्या एक गृहस्थ शिकायला आहेत. वयस्कर, नजर अलीकडेच गेलेली, स्वभाव तिरसट. दाट ठिपक्यांवर बोट ठेवतात, अर्धी ओळ झाली की पुस्तक ढकलून देतात. बाई स्वतः जन्मापासून बोटांनीच वाचत आल्यात आणि कितीतरी जणांना त्यांनी शिकवलंय. त्या म्हणाल्या, 'यांना मोकळे ठिपके द्या हो, नाहीतर हे शिकणं सोडतील, आणि सोडण्याआधी मला चावतील.' मग हसणं थांबवून म्हणाल्या की या वयात माणूस एकदा सोडलेलं परत हातात घेत नाही. म्हणजे तुझा ड्रायव्हर चालला तर या माणसाला पुन्हा वाचता येणार, नाही चालला तर तो उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघत बसणार. माझी धडपड त्यासाठी होती.

नवीन यंत्र घ्या, हे तू म्हणशीलच. मागच्या वेळी आलास तेव्हा म्हणालाच होतास, की हे भंगार आता फेकून द्या. तू यंत्राबद्दल बोललास आणि बाबांनी ते स्वतःवर ओढवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुला सोडायला ते स्टेशनवर आले नाहीत आणि तूही घरातून निघताना मागे वळून बघितलं नाहीस. दोघांच्याही नाकावर माशी बसत नाही, मध्ये भरडली जाते मी. तेव्हापासून फोन येतो तो मला, आणि 'बाबा कसे आहेत' हे तू अशा आवाजात विचारतोस जसं तिकडे पाऊस आहे का विचारावं. बाबाही तुझ्या फोनच्या वेळेला बरोबर माझ्या शेजारी येऊन बसतात आणि आपलं लक्षच नाही असं दाखवतात. हल्ली सकाळचा पेपरही ते मला मोठ्याने वाचायला लावतात. म्हणतात, त्यामुळे माझे उच्चार सुधारतील.

असो. बस थांब्यासमोर एक दुरुस्तीवाली आहे, तिच्याकडे मी तो डबा पोत्यात घालून नेला. मुलगी तुझ्यापेक्षा लहान असेल, पण जुन्या संगणकांशी फार आदराने बोलते. स्क्रू काढताना 'आजोबा, जरा इकडे वळा' म्हणते. तिने सांगितलं, आजोबा गेले, पण हार्ड डिस्क शाबूत आहे. आपण तिची जशीच्या तशी प्रत काढू आणि तुमच्या नव्या संगणकाच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन उभं करू. म्हणजे एक खोटा संगणक. जुन्या सिस्टिमला वाटेल की आपण अजून आपल्याच घरात आहोत. मला ते फसवणुकीसारखं वाटलं, पण तिचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मी हो म्हणाले.

ती घरी आली आणि आमची दुपारची शाळा सुरू झाली. पहिल्यांदा पडदा निळा झाला, पांढऱ्या अक्षरांत काहीतरी शिव्याशाप आले आणि पुन्हा पहिल्यापासून. सिस्टिमला आपली डिस्कच ओळखू येईना, कारण खोट्या संगणकातली डिस्क नव्या पद्धतीने जोडलेली होती. दुरुस्तीवालीने सेटिंग बदलून ती जुन्या पद्धतीची असल्याचं भासवलं. मग अक्षरं आली ती पाटीवर लिहिल्यासारखी मोठाली आणि रंग सगळे विटलेले. ते पडद्याच्या ड्रायव्हरचं निघालं. तेही निस्तरलं आणि अचानक सुरू होतानाची ती जुनी धून वाजली. बाबा खिडकीपाशी बसले होते. ते ताठ झाले आणि त्यांच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर धुनीचा शेवट वाजवला. 

पण खरी मेख पुढे होती. यंत्राची ती जाडजूड केबल खुपसायला नव्या संगणकाला जागाच नाही. आधी केबलच्या टोकाला लावायचा एक अडॅप्टर आणला, त्याचा उपयोग झाला नाही. मग तशी जागा, म्हणजे पोर्ट, असलेलं एक कार्ड शोधून बसवलं आणि व्हर्च्युअल मशीनला सांगितलं की हा पोर्ट तुझा. कंपनीचा ड्रायव्हर लगेच चालला, खडखड करून पान निघालं, दाट ठिपक्यांचं. तुझा ड्रायव्हर मात्र आपला एकच हेका धरून, की यंत्र सापडत नाही. काढून पुन्हा टाकला. सुरू केलं, बंद केलं. दुरुस्तीवालीने पेन्सिल चावून तिचा पार चोथा केला. बाबा तिकडून सारखे 'केबल घट्ट बसवलीस का' विचारत होते आणि मी सारखी 'बसवली' म्हणून ओरडत होते. शेवटी तिला कळलं की तू ड्रायव्हर लिहिताना पहिला पोर्ट पक्का करून टाकलायस. बाकी कुठे बघायचंच नाही असं त्याला शिकवलंयस. हट्टीपणा कुणाकडून आला ते मी लिहीत नाही. आणि आमच्या नव्या पोर्टला सिस्टिमने दुसरा क्रमांक दिला होता.

पहिला मग कुणाकडे होता? तिने उपकरणांची यादी उघडली आणि लपलेली उपकरणंही दाखव म्हणून सांगितलं. बघते तर काय, फिकट रंगाची कितीतरी चित्रं उगवली. जुना माउस, जुनं साउंड कार्ड आणि जुना पोर्ट. जळून गेलेल्या डब्यातली सगळी मंडळी. त्यातलं एकही आता जगात नाही, पण सिस्टिमने त्यांच्या जागा राखून ठेवल्या होत्या, येतील कधीतरी म्हणून. मला आपल्या जेवणाच्या टेबलाशी असलेली तुझी खुर्ची आठवली. बाबा तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत, पाहुण्यांना स्टूल देतात. दुरुस्तीवालीला मी हे काही सांगितलं नाही, चहा टाकायला म्हणून आत गेले.

फिकट पोर्ट पुसायची वेळ आली तेव्हा माझी हिंमत होईना. त्याच्याबरोबर तुझा ड्रायव्हरही गेला तर? त्यावर ती म्हणाली, 'ताई, घाबरू नका, आत्ता आहे तशी प्रत काढून ठेवते. बिघडलं तर पुन्हा इथेच येऊन उभं राहायचं.' व्हर्च्युअल मशीनमध्ये ही सोय असते म्हणे. मला तर ती सोय घरातही हवी आहे, तुम्ही दोघं बोलायला बसलात की आधी एक प्रत काढून ठेवायला. तर तिने प्रत काढली, फिकट पोर्ट पुसला, सगळं बंद करून चालू केलं आणि नव्या पोर्टला पहिला क्रमांक मिळाला. तुझ्या ड्रायव्हरने आपलं दार ठोठावलं आणि या वेळी आतून ओ आली. यंत्र खडखडलं, भांडी हलली आणि चाचणीचं पान बाहेर आलं, मोकळ्या ठिपक्यांत, तुझ्या त्या एका ओळीसह.

ते शिकणारे गृहस्थ तेव्हा खोलीतच होते, आणि बाईही आलेल्या होत्या. मी पान फाडून त्या गृहस्थांसमोर टेबलावर टाकलं. त्यांनी आधी मान तिरकी केली आणि पान खिडकीकडे धरलं, उजेड आडवा घ्यायला. बाईंना कागदाच्या आवाजावरून कळलं. त्यांनी पान हळूच खाली ठेवायला लावलं आणि त्यांचं बोट धरून पहिल्या अक्षरावर नेलं. एव्हाना तू ओळखलं असशील. बाबाच ते. मागच्या वेळी तू आलास तेव्हाच त्यांना नीट दिसत नव्हतं. स्टेशनवर आले नाहीत ते रागाने थोडंच, त्या गर्दीत त्यांना जिने दिसले नसते आणि ते तुझ्या देखत व्हायला नको होतं. जन्मभर ब्रेल छापलं, सगळं ब्रेल डोळ्यांनी वाचलं, आणि बोटांना एक अक्षर कळेना, याची त्यांना इतकी लाज वाटत होती की त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, तुला फोनवर यातलं काही सांगायचं नाही. मी शब्द पाळलाय. पत्राचं काही ठरलं नव्हतं.

त्यांचं बोट 'बा' वर थांबलं, मग पुन्हा 'बा' वर. मग बराच वेळ गेला. 'कागद' ते पुटपुटले, 'वाकडा' ला अडखळले, मागे आले, पुन्हा गेले. ओळ संपली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड चाचपली, पान खरंच तिरपं पडलं होतं, ते कडेला लावून नीट सरळ केलं आणि म्हणाले, 'सरळच तर आहे.' मग रडले, आणि मीही रडले, कशाला लपवू. आता ती ओळ त्यांना पाठ झालीय, वाचल्याचं सोंग करतात आणि बाई रागावतात. धड्यांचं पुस्तक दिलं तर म्हणतात, हे कुणीतरी कुणालातरी लिहिलेलं आहे, मला लिहिलेलं काहीतरी द्या. म्हणून हे पत्र. दयेने धावत येऊ नकोस, ते त्यांना आवडणार नाही. यायचं तेव्हा ये, खुर्ची आहेच. आधी त्यांना एक पत्र लिही. वाक्यं छोटी ठेव, जोडाक्षरं बेताने घाल, आणि काय म्हणायचं ते तुझं तू बघ. मी ते मोकळ्या ठिपक्यांत छापून त्यांच्या हातात देईन, वाचून दाखवणार नाही. कागद सरळ लावायचं माझ्याकडे लागलं.

तुझीच,
ताई