केदारखेड्यात पुसलं, जालन्यात गेलं का?

गजानन दादाला विमलचा पाया पडून नमस्कार (कागदावरच पडले, लेकरू मांडीवर हाय). वैनीचा गुडघा कसा हाय? इकडं माझा जीव सोडून समदं बरं.

दादा, जालन्याच्या मोठ्या कॉम्प्युटरात गावोगावचे कागद ठेवलेत, ते केदारखेड्यात बसून कसे पाहायचे, हे तू पुण्याहून लिव्हून पाठवलं. ते ऑफिसाच्या भिंतीला लावलं. सातवी शिकल्याल्या बहिणीला तूच या कामाला लावलं, मंग तिला समजंल असं तरी लिव्हायचं. पहिलीच ओळ, "आधी कॉम्प्युटर चालू करा." कोणता? इथला का तिथला? फोन करावा तर लाइन कॉम्प्युटरालाच गुतलेली. भ्याले, ऑफिसाला कुलूप घातलं, लेकरू काखंत घेतलं अन् एसटीनं जुन्या जालन्याला गेल्ते. तिथला चालूच होता, खुर्चीवर मानूस न्हाई. वापस आले. मंग "नाव टाका." परत गेले. असं चार डाव. कंडक्टर आता तिकिटाच्या आधी इचारतो, "आज कितवी ओळ, ताई?"

पाचवीला घात झाला. "पाहून झाल्यावर कागद पुसा." मी बाळीच्या जन्माचा दाखला पाह्यला (घरातला उंदरानं खाल्ला, म्हून तर तिथं ठेवल्ता) अन् बराबर पुसला. पुसल्यावर ध्यानात आलं. माझ्या इथला गेला, का जालन्यातला? सासूबाई म्हणल्या, "म्हंजी पोरगी झालीच न्हाई का? मंग बारशाचे आहेर वापस करायचे काय?" दोन दिस झाले, भाकर गिळंना. बाळी मांडीवर हसून राह्यली, तिला काय ठावं आपण हाओत का न्हाई.

तू जल्दी एवढं लिव्ह. कोणती ओळ इथं करायची, कोणती तिथं, अन् पुसलं तर कुठलं जातं.

तुझी भेदरलेली,
विमल

ता. क. पत्र टाकायच्या आधी राहवलं न्हाई, जालन्याला जाऊन आले. दाखला हाय! माझ्या इथलाच गेल्ता. तिथल्या खुर्चीवरचे दीनानाथ भाऊ आज सापडले. त्यांच्या भिंतीलाबी तुझाच कागद. जवा मी तिकडं, तवा ते इकडं येऊन आमचं कुलूप पाहून जायचे.

आणखी एक. जालन्याच्या वाटंत राजूरच्या स्टँडवर गाडी थांबती तवा आपली आई बाळीला घ्यायला उभी राहती. सासूबाई कामाबिगर कुठं जाऊ देत न्हाईत, हे तुला ठावं हाय. तवा पुसायची ओळ तेवढी नीट कर. बाकीच्यांला बिलकुल हात लावू नको.